दार धरणारा

१

जुन्या गाडीचं दार नीट लागेनासं झालं की लोक आधी खटक्याला नावं ठेवतात. दार आपटावं लागतं, उचलून लावावं लागतं, म्हणजे खटकाच बिघडला असणार. मग कुणी हौशी मिस्त्री भेटतो, तो चौकटीवरचा खटका थोडा खाली सरकवून देतो, दार लागतं आणि मालक खूश होऊन जातो. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, तसला हा प्रकार. खरं दुखणं असतं पलीकडच्या कडेला, बिजागरीत. वर्षानुवर्षं दाराचं वजन झेलून तिथली पिन एका अंगाने झिजलेली असते, ती जिच्यात फिरते ती पितळी बुश सैल झालेली असते, आणि दार आपल्याच वजनाने खाली आलेलं असतं. दार अर्धवट उघडायचं, मोकळ्या टोकाला धरून हलकेच वर उचलायचं. बिजागरीत खडखडलं तर रोग तिथेच आहे.

हे वडिलांनी मला शिकवलं आणि दादालाही. आमचं वर्कशॉप फक्त दारांचं. इंजिनाला आम्ही हात लावत नाही, रंगाच्या वाटेला जात नाही. लोक हसतात, की दाढी करणार पण मिशीला शिवणार नाही असा न्हावी कुठे असतो का. पण जुन्या गाड्या पोटच्या पोरासारख्या सांभाळणाऱ्यांना आमचं शटर बरोबर सापडतं, आणि तेवढ्यावर आमचं घर चाललं.

पिन बदलणं हे दोन माणसांचं काम. एक पिनेवर, एक दारावर. पिनेवरचा आतल्या बाजूला, बिजागरी जडलेली असते त्या गाडीच्या खांबापाशी बसतो, जुनी पिन ठोकून काढतो, बुश बदलतो, नवी पिन बसवतो. दारावरचा बाहेरच्या बाजूला गुडघ्यात वाकून उभा राहतो, एक हात दाराच्या खालच्या कडेला घालतो, दुसरा वर चौकटीला, आणि सगळं वजन अंगावर घेतो. काचेला ओरखडा जाऊ नये म्हणून दारावर जुनं ब्लँकेट टाकलेलं असतं, त्यामुळे दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. पिनेवरच्याला दिसतात ती खालच्या कडेखाली वळलेली चार बोटं, आणि वाकून पाहिलं तर जमिनीवरचे पाय. म्हणून बोलायचे शब्द ठरलेले. भोकं समोरासमोर आली की पिनेवरचा म्हणतो, “थांब.” त्यानंतर दारावरच्याने केसभरही हलायचं नाही. पिन आत गेली की म्हणायचं, “बसली, सोड.” मग दारावरचा हात काढतो आणि बिजागरीत टक असा बारीक आवाज येतो. वजन हातातून पिनेवर गेल्याचा तो आवाज. ‘सोड’ ऐकल्याशिवाय हात काढायचा नाही, मग आभाळ कोसळो. वडिलांचा हा एकच नियम होता आणि त्यासाठी आम्ही दोघांनीही लहानपणी मार खाल्ला होता.

मी कायम पिनेवर, दादा कायम दारावर. गल्लीत त्याला ‘जॅक’ म्हणत. शेजारचा वेल्डर म्हणायचा, बाकीच्या जॅकना तेल लागतं, आमच्या जॅकला चहा लागतो. अंगाने काही फार मोठा नव्हता दादा, पण एकदा वजन घेतलं की भिंत. त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला नख नव्हतं, कधीतरी एका दारात सापडून गेलेलं, पुन्हा आलंच नाही. आणि वजन घेतलं की तो नाकातून एक सूर काढायचा, ना गाणं ना कण्हणं. त्या सुरावरून मला कळायचं, अजून किती वेळ मिळेल.

२

दातांच्या डॉक्टरांची गाडी दोनच दारांची. अशा गाड्यांची दारं लांब असतात, आणि लांब दार जास्त लोंबतं. गाडी त्यांच्या वडिलांनी तरुणपणी घेतलेली. दार इतकं खाली आलं होतं की लावताना चौकटीचा रंग खरवडला जात होता.

त्या दाराशीच दादा गेला.

दुपार होती. वरची जुनी पिन काढून झाली होती, नवी माझ्या हातात होती. मी “थांब” म्हणालो. सूर चालू होता. मी पिन भोकाला लावली आणि सूर बंद पडला. मला वाटलं, दम घेत असेल. मग दार खाली यायला लागलं, पण धाडकन नाही. झोपलेलं मूल अंथरुणावर ठेवावं तसं, सावकाश. मी उठून पलीकडे गेलो तेव्हा दादा जमिनीवर बसलेला होता, डोकं दाराला टेकलेलं, आणि कड हातात. काचेला तडा नव्हता, रंगाला ओरखडा नव्हता. वेल्डर धावत आला. दादाची बोटं आम्हाला दोघांना मिळून एकेक करून सोडवावी लागली, आधी करंगळी, मग बाकीची.

हॉस्पिटलात सांगितलं, की झोपेत असते तरी हेच झालं असतं. ते मी मानलं. त्याबद्दल माझं कुणाशी भांडण नाही, स्वतःशीही नाही.

शटर बरेच दिवस खाली राहिलं. जुनी पिन तात्पुरती सरकवून गाडी तशीच आत उभी होती, ब्लँकेटसकट. दातांचे डॉक्टर भला माणूस. समोरच्याचं तोंड उघडं ठेवून आपण बोलत राहायची त्यांना धंद्यामुळे सवय, पण एवढ्या दिवसांत त्यांनी एकदाही तगादा लावला नाही. मग एका सकाळी स्वतः आले आणि पहिल्यांदाच थोडक्यात बोलले. वडील हॉस्पिटलात होते. औषधांचा उपयोग संपला होता, आता घरी न्या असं सांगितलं होतं. म्हाताऱ्याचा एकच हट्ट होता, की अँब्युलन्समध्ये पाय ठेवणार नाही, माझ्या गाडीतून माझ्या घरी जाईन.

“घाई करत नाही मी,” डॉक्टर म्हणाले. “पण त्यांच्याजवळ फार दिवस नाहीत.”

मी म्हणालो, उद्याच सुरू करतो.

३

एकट्याने करायचं म्हणून मी जॅक आणला. खराखुरा, लोखंडी, वर रबराची गादी असलेला. वहिनींनी तो पाहिला. त्या वरच्या मजल्यावर राहतात, मी वर्कशॉपमागच्या खोलीत, जेवण दोघांचं वरच. सवयीने त्यांनी खाली चहाचे दोन ग्लास आणले होते. एक माझ्यासमोर ठेवला आणि दुसरा तसाच भरलेला घेऊन जिना चढून गेल्या.

मी दार उघडलं, ब्लँकेट सारखं केलं आणि जॅक मोकळ्या टोकाखाली लावला. जॅकने वजन घेतलंय की नाही हे बघायची माझी एक पद्धत आहे. गादीवर वर्तमानपत्राची पट्टी ठेवायची, मग जॅक वर घ्यायचा आणि पट्टी ओढून बघायची. अलगद निघाली तर दार जॅकवर नाही. अडकून फाटली तर आहे. मी ओढली, ती थोडी फाटली आणि अडकून राहिली. छान.

वरची पिन ठोकून काढली. पिन निघाली की टोकाचा सगळा भार जॅकवर येतो, म्हणजे पट्टी आणखी घट्ट धरली जायला हवी. काही कारण नव्हतं, हात रिकामा होता म्हणून मी ती पुन्हा ओढली. ती माझ्या हातात आली.

मी जॅक पाहिला. तेल गळत असेल, खाली बसला असेल. पण जॅक बसला तर त्याच्याबरोबर दारही यायला हवं. दार आलं नव्हतं. गादी आणि कड यांच्यामध्ये आता एक फट होती आणि त्या फटीतून मला पलीकडची फरशी दिसत होती. मग मी बिजागरी पाहिली. दोन्ही भोकं समोरासमोर होती. एवढी नेमकी, की डोळा लावला तर आरपार दिसत होतं.

खालची बिजागरी गंजून धरली असणार, मी ठरवलं. जुन्या गाडीत असं होतं. गंज फार मोठा आधार असतो, निदान त्या दुपारी मला तो पुरला. मी खालच्या पिनेवर तेल सोडलं आणि वर जेवायला गेलो.

४

सकाळी खालची पिन काढली.

ती गंजलेली नव्हती. हातोडीच्या पहिल्याच टोल्याला निघाली आणि फरशीवर घरंगळत गेली. मी मागे सरकलो, कारण आता दार कोसळणार होतं. कोसळलं नाही. बिजागरीची पाती एकमेकांत अडकून राहिली असतील, असं मी मोठ्याने म्हणालो. आत मी एकटाच होतो, तरी मोठ्याने म्हणालो. पाती अडकली तरी एवढ्या लांब दाराचं टोक वाकायला हवं, हे मला माहीत होतं. आयुष्यभर दुसरं केलंय काय?

दार सरळ होतं. खाली जॅक उभा होता, आणि जॅकला त्याचा स्पर्शही नव्हता.

मग तो सूर ऐकू आला. आधी मी पंखा बंद केला. मग नळ पाहिला. मग शेजारी डोकावलो, तर वेल्डरच्या दाराला कुलूप. परत आलो तरी सूर चालूच होता. मी दाराच्या आतल्या पत्र्याला तळहात लावला आणि तो मला हातात जाणवला, बारीक थरथर.

“दादा?” मी म्हणालो.

उत्तर आलं नाही. वजन घेतल्यावर दादा कधीच बोलायचा नाही. श्वास वाया जातो म्हणायचा.

मी ब्लँकेटची कड हातात धरली होती. एवढी उचलली असती तर काम झालं असतं, एक तर माझा भ्रम गेला असता, नाहीतर मी गेलो असतो. उचलली नाही. पिनेवरच्याने दारावरच्याकडे बघायचं नसतं ही सवय, असं मी स्वतःला सांगितलं. खरं सांगायचं तर मागे कुणी असेल याची मला भीती वाटत होती, आणि मागे कुणी नसेल याची त्याहून जास्त. मी कड सोडली, पायरीवर जाऊन बसलो आणि कालपासून ठेवलेला थंडगार चहा पिऊन टाकला. तेव्हा कुठे आठवलं, की दादा गेला त्या दुपारी मी “थांब” म्हणालो होतो. त्यानंतर धावपळ झाली, वेल्डर आला, हॉस्पिटलची गाडी बोलावली, रडारड झाली. “सोड” कुणीच म्हटलं नव्हतं.

५

शहाण्या माणसाने त्याच क्षणी पिना बसवल्या असत्या. मी काय केलं, तर जॅक काढून घेतला.

आधी वाटलं, खात्री करून घ्यावी. जॅक भिंतीशी नेऊन ठेवला, आणि दार तसंच राहिलं, काहीच न धरलेलं. मग खात्री झाली तरी मी जॅक परत लावला नाही. जॅकने वजन घेतलं तर दादाला तिथे उभं राहायचं कारणच उरणार नाही, हे मला कळत होतं. पिना बसल्या तर तेही तसंच. म्हणून बुश माझ्या खिशात होत्या, पिना ग्रीस लावून फडक्यावर मांडलेल्या होत्या, आणि मी दातांच्या डॉक्टरांना फोनवर सांगत होतो, की त्या मापाच्या बुश मिळत नाहीत, कारागिराकडे करायला टाकल्यात.

ते दिवस चांगले गेले, हे कबूल करतो. मी शटर अर्धं ओढून घ्यायचो, चहा घ्यायचो आणि खांबापाशी पाटावर बसून बोलत राहायचो. वेल्डरने नवा चष्मा केलाय आणि आता त्याला स्वतःचं वेल्डिंग दिसायला लागल्यापासून तो उदास आहे. वहिनींचा गुडघा दुखतोय, डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणतात गुडघा माझा आहे. मला दादाशिवाय करमत नाही. हे तो असताना मी कधी बोललो नव्हतो. दोन भाऊ एका शटरखाली जन्म काढतात आणि बोलतात काय, तर पाना दे, तेल दे, चहा सांग. आता दाराआडून बोलणं सोपं जात होतं. विनोद केला तर सूर किंचित वर जायचा. तसं मला वाटायचं.

मग सूर बदलला. आधी मधूनमधून तुटायला लागला. तुटायचा, पुन्हा सुरू व्हायचा, पण खालून. दादाचा असा सूर मी एकदाच ऐकला होता, एका जुन्या लॉरीचं दार धरताना, आणि तेव्हा मी पिन कशीबशी ठोकून घाईघाईने “सोड” म्हणालो होतो. एका सकाळी दाराच्या कडेखाली फरशीवर ओल दिसली. तेल म्हणून मी फडकं फिरवलं आणि नाकाला लावलं. तेल नव्हतं. खालच्या कडेची धूळ एका ठिकाणी पुसली गेली होती, हाताच्या पंज्याएवढी. तिथे पत्रा गरम होता.

“थोडा वेळ,” मी म्हणालो. “अजून थोडाच वेळ, दादा.”

दार थरथरलं, मग स्थिर झालं.

६

दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. या वेळी त्यांनी बुशांचं विचारलं नाही. म्हणाले, वडील रोज सकाळी कपडे घालून मागतात आणि पलंगावर बसून राहतात. मी म्हणालो, होईल एकदोन दिवसांत. फोन ठेवल्यावर मला स्वतःची लाज वाटली, आणि तरी मी हललो नाही.

त्या दिवशी जेवताना वहिनी नुसत्या पानाशी चाळा करत होत्या. मी विचारलं, बरं नाही का. त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, की हल्ली दुपारी जरा डोळा लागतो आणि तेवढ्यात ते येतात.

“ते म्हणजे?” मी विचारलं, जसं काही मला कळलंच नव्हतं.

“हे.” दादाचं नाव त्यांनी कधी घेतलं नव्हतं, अजूनही घेत नाहीत. “स्वयंपाकघराच्या दारात उभे असतात. पाठ माझ्याकडे. हात पुढे, काहीतरी जड धरल्यासारखे. मी म्हणते, उभे काय, बसा की जरा. तर म्हणतात, अजून सांगितलं नाही.”

मी घास तोंडात तसाच धरला.

“कुणी सांगायचंय, ते बोलत नाहीत,” वहिनी म्हणाल्या. “रोज हेच. पहिल्यांदा बरं वाटायचं मला. म्हटलं, उभे का असेनात, आले तर खरे. पण आज त्यांचे पाय कापत होते, भावोजी. असं मी त्यांना आयुष्यात पाहिलं नव्हतं. खाली घाम पडत होता.”

त्यांनी पदराने डोळे पुसले, मोठा आवाज न करता. मग माझ्याकडे पाहिलं. वहिनी फार हुशार बाई. दादा म्हणायचा, हिच्यापासून लपवायचं असेल तर आधी स्वतःपासून लपवावं लागतं.

“तुम्हाला काही माहीत आहे का?”

मी नाही म्हणालो. मान खाली घालून जेवलो, ताट उचललं, मोरीत ठेवलं. मग जिना उतरून खाली आलो.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शटर पूर्ण वर केलं. उजेड आत आला, दाराच्या खालच्या कडेपर्यंत. ब्लँकेट खाली लोंबत होतं आणि हलत होतं, श्वासाइतकं. सूर आता सूर राहिला नव्हता.

मी खांबापाशी बसलो. दोन्ही बिजागऱ्यांमध्ये नव्या बुश दाबून बसवल्या. खालची पिन उचलली आणि सवयीने, आधी कधी विचार न करता बघायचो तसं, कडेकडे पाहिलं.

चार बोटं होती. कडेखाली वळलेली, पेरांपासून पुढची. मधल्याला नख नव्हतं. बाकीच्यांची नखं पांढरीफटक पडली होती, आणि चारही बोटं थरथरत होती, वेगवेगळी, जशी फार वेळ धरून ठेवलेल्या माणसाची थरथरतात. पायांकडे मी पाहिलं नाही. वाकलो असतो तर दिसले असते. मला बोटंच पुरली.

खालची पिन एका दमात गेली. वरच्या पिनेला माझा हात चुकला, हातोडी खांबावर बसली आणि जुन्या रंगाचा एक टवका उडाला. इतक्या वर्षांत माझ्याकडून एकही टवका उडाला नव्हता. मी पिन पुन्हा लावली. ती अर्धी गेली, मग पाऊण, मग शेवटचे दोन टोले मी इतके हळू मारले, की मारले नसते तरी चाललं असतं. पिन बसली. बोटाने चाचपून पाहिली, दोनदा. बसलेलीच होती.

कुणी काही विचारलं नव्हतं, तरी मी म्हणालो, “बसली.”

पुढचा शब्द येईना. बोटं तिथेच होती. दाराला आता त्यांची गरज नव्हती, सगळं वजन पिना घेऊ शकत होत्या, पण दादा दार धरूनच होता, कारण त्याला सांगितलं नव्हतं. मला वाटलं, आजचा दिवस जाऊ दे. उद्या सांगू. एवढे दिवस धरलं, एक दिवस काय मोठा. मग मधलं बोट, ते बिननखाचं, घसरलं आणि पुन्हा घाईघाईने कडेला लागलं. वडिलांचा मार चुकवायला लहानपणी लागायचं, तसं.

मला रडू आलं. लहान पोरासारखं, नाक गळेपर्यंत. मी पत्र्याला कपाळ टेकवलं. पलीकडेही त्याच उंचीला काहीतरी टेकलं.

“सोड, दादा,” मी म्हणालो. “बसली. सोड आता.”

आधी करंगळी गेली. मग तिच्याशेजारचं बोट. मग पहिलं. शेवटी ते बिननखाचं, बराच वेळ थांबून.

बिजागरीत टक झालं.

मी तसाच बसून राहिलो. ब्लँकेट हलायचं थांबलं होतं. पुढे कधीतरी मी उठून ते काढलं, घडी केली आणि फळीवर ठेवलं. मागे फरशी होती, भिंत होती, भिंतीशी जॅक होता. फरशीवरची ओल उन्हात वाळत चालली होती. मी दाराला एका बोटाने ढकललं. ते गेलं आणि लागलं, खटक्याला काहीही न करता, अगदी कमी आवाजात.

८

दातांचे डॉक्टर गाडी घेऊन गेले, आणि दोन दिवसांनी त्यांनी फोन केला. वडील घरी आले होते. दार कुणाला लावू दिलं नाही, स्वतः लावलं, आणि हात उचलायला त्राण नसताना ते लागलं कसं याचं सगळ्यांना नवल वाटलं. मी म्हणालो, पिना नव्या आहेत. मग ते नेहमीसारखं बराच वेळ बोलले आणि मी ऐकलं.

त्या दुपारी, पिना बसवल्या त्याच दुपारी, मी वर गेलो तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेल्या होत्या. झोपेतून नुकत्याच उठल्या असाव्यात, केस विस्कटलेले. समोर दादाचा पाट मांडलेला होता. तो मी बरेच दिवस पाहिला नव्हता.

“आज बसले,” त्या म्हणाल्या.

मी दारातच उभा राहिलो.

“काही बोलले नाहीत. नुसते बसून राहिले, हात मांडीवर ठेवून. मी पाणी दिलं तर दोन्ही हातांनी भांडं धरलं, नीट धरता येत नव्हतं.” मग त्या म्हणाल्या, “आता येणार नाहीत ना, भावोजी?”

मी म्हणालो, नाही. त्यांनी पाट उचलला, पुसला आणि भिंतीला लावून ठेवला. मग आम्ही चहा केला.

काम चालू आहे. दारं येत राहतात, जॅक दारं धरतो, मी पिना बसवतो. जॅकला काही सांगावं लागत नाही. तरी पिन बसली की माझ्या तोंडून “सोड” निघून जातं, आणि शेजारचा वेल्डर नव्या चष्म्यातून माझ्याकडे बघतो आणि पुन्हा कामाला लागतो. दादा गेला त्या दिवशी तोही होता.

एक गोष्ट मात्र मी वहिनींनाही सांगितलेली नाही. प्रत्येक दाराला मी गादीवर वर्तमानपत्राची पट्टी ठेवतो, जॅक वर घेतो, पिन काढतो. मग मागच्या बाजूला ब्लँकेट तसंच लोंबत असताना पट्टीचं टोक चिमटीत धरतो आणि हळूच ओढून बघतो. फाटते.